अंधारी खोली आणि मधाचं पाणी

माझ्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि जबान बंद पडली. जबान बंद पडली हे ऐकून आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायांना बरं वाटलं असेल, कारण माझं तोंड लई चालायचं. आता परत चालायला लागलंय, तर जे झालं ते सांगून टाकते. ज्याच्या घरी असं माणूस पडलं असेल त्यानं ऐकावं. औषधं मी सांगणार नाही, ती डॉक्टरला विचारा. मी माझी चूक सांगणार आहे, आणि ती चूक वारं जायच्या आधीची आहे.

आम्ही लातूरचे. आमचे हे सरकारी मदरशात मास्तर. राज्य निजामाचं, शिकवणं उर्दूतून, त्यामुळं शाळेत एक भाषा अन घरी दुसरी. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही मनात मास्तरच म्हणायची. घरात आम्ही चौघं. मास्तर, मी, आमची सोळा वर्षांची कमल, आणि मास्तरांची थोरली बहीण, अक्का. अक्कांचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या भावाकडं. घर त्यांच्याच शब्दावर चालायचं. बाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडत नसे, एक मी सोडून.

मुंग्या

वारं जायच्या आधी सहा-सात महिने मला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या रिता करावा तरी घसा कोरडाच. लघवीला सारखं जावं लागे. एक दिवस बघते तर मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग. मला तिथंच कळलं. मुरुडला माझ्या वडिलांना हाच आजार होता. गोड लघवी म्हणायचे त्याला. त्यांच्या अंगठ्याला ठेच लागली ती भरलीच नाही, पाय काळा पडत वर गेला, आणि ते गेले. त्यांचं सगळं मी केलं होतं, त्यामुळं मला कुणी येऊन सांगायची गरज नव्हती.

तरी मी गप्प बसले. कमलचं तेव्हा नांदेडच्या एका घरी जमत आलं होतं. मुलगा कचेरीत नोकरीला, माणसं खाऊनपिऊन सुखी. मी म्हटलं, आजाला होतं, आईला झालं, उद्या पोरीला होईल, असं त्यांच्या मनात आलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. अक्षता पडू देत, मग बघू. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी मोरीत राख टाकायची आणि वर दोन घागरी पाणी ओतायची. मुंग्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या.

हकीमसाहेबांनी विचारलं होतं

चैत्र चालू होता. अंगणात कुरडयांचा चीक शिजत होता आणि मी हाटत होते. हातातलं उलथनं पडलं. उचलायला गेले तर हात माझं ऐकेना. कमल म्हणाली, "आई, काय करून राहिलीस? चीक लागून राहिला खाली." मी म्हणायला गेले, काही नाही गं. तोंडातून नुसतं ब, ब निघालं. अक्कांना वाटलं मी कुणाची तरी नक्कल करून राहिले, मला सवय होतीच ती. मग मी उजव्या अंगावर कलंडले तेव्हा त्या धावल्या.

मास्तरांनी हकीमसाहेबांना आणलं. गावात त्यांचा शब्द मोठा होता, आणि माणूस खरंच शहाणा होता, हे मी आजही म्हणते. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, फालिज म्हणाले, म्हणजे आपलं वारंच. मग मास्तरांकडं वळून हळूच विचारलं, "पानी बहुत पीते क्या इनो? पेशाब जास्ती होता क्या?"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. बायकोच्या लघवीची गोष्ट परक्या पुरुषापुढं त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. त्यांनी दाराकडं पाहिलं. दारात अक्का उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. अक्का म्हणाल्या, "तसलं काही न्हाई आमच्या घरात."

मी तिथं पडले होते. सगळं ऐकू येत होतं. हाय म्हणावं, मला हाय म्हणावं, असं आतून ओरडत होते, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. हकीमसाहेबांनी पुन्हा एकदा मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. घरंदाज बाईबद्दल तिसऱ्यांदा कसं विचारणार? त्यांनी दवा सांगितली.

फालिजच्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही, उजेड लागू द्यायचा नाही. चाळीस दिवस बंद खोली. आधी काही दिवस अन्न बंद, नुसतं मधाचं पाणी. मग ताकद यायला जंगली कबुतराचा रस्सा. आता कबूतर आमच्या घरात चालत नाही. अक्कांनी त्यावर स्वतःच तोड काढली. कबूतर न्हाई तर न्हाई, मध दुप्पट करू, आणि वरून गुळाचा शिरा तुपात. लातूरच्या बाजारात गुळाला काय तोटा. हकीमसाहेबांना हे कुणी सांगितलंच नाही.

खोली

खिडकीला गोधडी ठोकली, दाराला दुसरी. माझी कोठीची खोली होती ती, जिथं मी पंधरा वर्षं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. आता बरण्यांच्या जागी मी.

दिवस कळायचा तो आवाजावरून. नळीच्या भांड्यानं अक्का मध पाजायच्या, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मी ओठ आवळायची. डावी बाजू आवळली जाई, उजवी उघडीच राही, आणि अक्का तिथून नळी सरकवायच्या. एकदा मी थुंकले. अक्का रडायलाच बसल्या. "द्वारके, जगायचं न्हाई का गं तुला? पोरीचं लगीन बघायचं न्हाई?" त्यांना कसं सांगू की पोरीच्या लग्नापायीच तर मी इथं आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो काय असतो ते मला त्या खोलीत कळलं.

मुंग्या लागल्यात का बघा, हे सांगायला मी डाव्या हातानं भांड्याकडं बोट दाखवायची. लघवीचं भांडं कोपऱ्यात असे. अक्का म्हणायच्या, आली का, आणि मला उचलून बसवायच्या. मी नाही म्हणून मान हलवायची. मग त्या चिडायच्या, की आली तर आली म्हण. दिवसातून दहा वेळा हेच. शेवटी मी बोट दाखवणंच सोडलं.

तहान तर अशी की जीभ टाळूला चिकटे. मी पाण्याच्या तांब्याकडं पाहिलं की अक्का मधाचंच पाणी देत, कारण साधं पाणी बाधेल म्हणे. जितकं प्यावं तितकी तहान. मग गुंगी यायला लागली. कुल्ल्यावर चट्टा पडला, तो चिघळला. उजव्या हातात इतक्या दिवसांत मुंगीएवढी हालचाल नाही. मी पडल्या पडल्या माझ्या वडिलांचा पाय आठवत होते आणि मला भीती वाटत होती. मरणाची तर होतीच. पण कुणालाच खरं कारण न कळता मरायची जास्त होती. लोक म्हणतील वारं गेलं होतं, गेली बिचारी.

राग कुणाचा करणार? आपलेच दात, आपलेच ओठ. अक्का दिवसभर माझी हागमूत काढत होत्या, आणि त्याच हातानं मला मारत होत्या. मास्तर रोज शाळेतून आले की गोधडीबाहेर उभे राहून म्हणायचे, "थोडं सोस. चाळीस दिवस होऊ दे." शाळेत पोरांना सांगावं तसं.

कमलला खोलीत यायची बंदी होती. लग्नाच्या मुलीनं वारं गेलेल्या माणसाजवळ जाऊ नये, असं अक्कांचं म्हणणं. ती दुपारी गोधडीच्या पलीकडं बसायची आणि काहीबाही बोलायची. आज शेवग्याला शेंगा लागल्या. शेजारणीची म्हैस व्याली. मी उत्तर देऊ शकत नव्हते, तरी ती रोज तासभर बोलायची. त्या खोलीत मला दुसरं सुख नव्हतं.

रखमा

घरात एकच माणूस असं होतं ज्याला सगळं दिसत होतं, आणि त्याला आम्ही माणसांत धरतच नव्हतो. रखमा मागच्या बोळातून यायची, अक्कांनी मागच्या दाराबाहेर ठेवलेलं भांडं न्यायची, धुऊन तिथंच उपडं ठेवायची. तिच्याशी बोलायची रीत नव्हती, आणि तिनं आपण होऊन बोलायची तर मुळीच नव्हती. मीसुद्धा तिच्याशी वीस वर्षांत 'इकडं ठेव' याच्यापुढं काही बोलले नव्हते. याची मला लाज वाटते, आणि ती सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही.

खोलीत जाऊन मला चोवीस दिवस झाले होते. अक्का देवळात गेल्या होत्या. कमल मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. रखमा लांबच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, रागं भरू नगा. आईसाबास्नी गोडाधोडाचं देऊ नगा."

कमल म्हणाली, "का गं?"

"भांड्याला मुंग्या लागून राहिल्या. धा-बारा दिस झाले, म्या बघून राहिले. आमच्यात एक म्हातारा असाच गेला. पर सांगू कुनाला? थोरल्या बाई तर दिसल्या की दार लावून घेत्यात."

कमल तशीच आत आली. दाराची गोधडी बाजूला केली, खिडकीची ओढून काढली. उजेड डोळ्यांत घुसला तसा मी हातानं चेहरा झाकला. हात काढून पाहिलं तर कमल माझ्या अंथरुणाकडं बघत होती. कडेनं मुंग्यांची रांग चालली होती, कुल्ल्याखालच्या फडक्यापर्यंत.

"आई, आजोबांना होतं तेच आहे का?"

मी मान डोलावली.

"तुला माहीत होतं?"

मी परत मान डोलावली. का सांगितलं नाहीस असं तिनं विचारलं नाही. तिला उमगलं होतं, आणि तिला माझा राग आला होता. तो तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. मग ती माझ्याशेजारी बसून रडली. डॉक्टरांच्या आधी हे निदान रखमानं केलं, हे मी सगळ्यांना सांगते.

संध्याकाळी हकीमसाहेब आले. सगळं ऐकून घेतलं, शिऱ्याचंही ऐकलं. कपाळावर हात मारून घेतला नाही की कुणाला बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "मास्तर, मैं तो पूछा था ना." मग त्यांनीच सांगितलं, वेळ दवडू नका, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात यावर सुई मिळते, तिकडं घेऊन जा. अक्का दारात होत्या. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

लाल नळी

मोटारीतून मला आडवं घालून नांदेडला नेलं. सोबत कमल. आता तिला कुणी अडवलं नाही.

दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात बारा खाटा. सकाळ झाली की नर्स काचेच्या नळीत निळं औषध घ्यायची, त्यात लघवीचे थेंब टाकायची आणि दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर बरं. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त. माझी नळी विटेसारखी लाल व्हायची. मग पोटावर नाहीतर मांडीवर सुई. नळी, सुई, भाकरी न् मेथी, परत संध्याकाळी नळी. तिथंही मी अडकलेलीच होते, पण खिडक्या उघड्या होत्या.

डॉक्टरीणबाई तेलंगणाकडच्या, मराठी मोडकं बोलायच्या पण मनापासून बोलायच्या. मी खुणेनं हात दाखवला की त्या म्हणायच्या, "वारं खूप लोकांना जातं, बाई. पण अंगात साखर भरलेली असली की हातपाय उशिरा जागे होतात. जखम उशिरा भरते. तुमचे महिनाभर वाया गेले. काही परत येईल, काही नाही येणार."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, माझ्याच आठवड्यात वारं गेलेली. तिला साखर नव्हती. सहा आठवड्यांत ती भिंत धरून चालायला लागली, आणि मला अजून अंगठा हलवता येत नव्हता. साठीची बाई ती. मला तिचा इतका हेवा वाटायचा की ती हसून बोलायला आली तर मी डोळे मिटून घ्यायची. हे काही चांगलं नाही, पण असं झालं. तुमच्या घरच्या आजाऱ्यालाही असं होईल, तर त्याला बोल लावू नका.

नळी लालची पिवळी झाली, पिवळीची हिरवी. मग चट्टा भरायला लागला. मग पाय. सगळ्यात शेवटी जबान, तीही जाडजूड, अडखळती. पहिला धड शब्द आला तो 'नको'. नर्स दूध घेऊन आली होती. कमल इतकी हसली की सगळा वॉर्ड बघायला लागला.

सुई द्यायला कमल तिथंच शिकली. नर्सच्या मागं लागून शिकली. सुई उकळायची कशी, बाटलीतून औषध ओढायचं कसं, हवा काढायची कशी. आठ दिवसांत तिचा हात नर्सपेक्षा हलका झाला.

घरचं झालं थोडं अन व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात तसं, एका रविवारी नांदेडच्या त्या मुलाची आई भेटायला आली. मास्तर त्या दिवशी लातूरहून आलेच होते. त्यांनी त्या लोकांना आधीच कळवलं होतं की थोडं वारं लागलं होतं, आता उतार आहे. बाई लाघवी होती. तिनं पेढ्यांचा पुडा सोडला, एक पेढा माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "विहीणबाई, तोंड गोड करा. आता बरं व्हायचं आणि मांडवात उभं राहायचं."

मास्तर माझ्याकडं बघत होते. घे नि गप्प राहा, असं ते डोळ्यांनी सांगत होते. पेढा घेऊन उशीखाली ठेवता आला असता. पण चोवीस दिवस दुसऱ्यांनी माझ्या तोंडात घातलेलं गिळून गिळून मी थकले होते. मी म्हणाले, "मला चालत नाही. मला गोड लघवीचा आजार आहे. माझ्या वडिलांना पण होता." एवढं बोलायला मला खूप वेळ लागला. बाई शेवटपर्यंत थांबली, ऐकून घेतलं, पुडा बांधला. पुढच्या आठवड्यात निरोप आला की पत्रिका जमत नाही.

मास्तर पुढच्या खेपेला आले ते फक्त कमलशीच बोलले. अक्का नांदेडला आल्या त्या हेच बोलायला. "सहा महिने झाकलंस अन ऐन वेळी उघडलंस. पोरगी सुई टोचायला हाताशी राहावी म्हणून केलंस हे."

मला लई लागलं ते. कारण मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते की तसं माझ्या मनात अजिबात नव्हतं.

घरी

घरी आले ती काठीवर, पाय ओढत. बोलणं सुधारलं. उजव्या हाताची बोटं मात्र वळलेली ती वळलेलीच राहिली, आजही तशीच आहेत. हैदराबादहून औषधाच्या बाटल्या टपालानं यायच्या, कधी वेळेवर, कधी नाही. माठाखालच्या ओल्या वाळूत कमल त्या पुरून ठेवायची. रोज दोनदा सुई. तिच्याशिवाय कुणाला जमेना. मास्तरांचा हात कापायचा. अक्कांना सुई बघूनच चक्कर यायची.

दोन वर्षं अशी गेली. सकाळ-संध्याकाळची सुई चुकू नये म्हणून कमलनं कुठं मुक्कामाला जाणं बंद केलं. मैत्रिणीच्या लग्नालासुद्धा गेली नाही. मग उदगीरकडचं एक स्थळ आलं. या वेळी मास्तरांनी पहिल्याच बैठकीत सगळं सांगितलं, वडिलांपासून माझ्यापर्यंत. ते लोक म्हणाले, चालतंय, आजार कुणाच्या घरात नाही? मला वाटलं आता घोडं गंगेत न्हालं. तर कमलच म्हणाली, मला लग्न करायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"उगी."

"सुईसाठी ना?"

ती ताटं उचलून गेली. मी खोलीतून सुटले होते आणि माझ्या जागी ती अडकली होती, अठरा वर्षांची.

दुसऱ्या दिवसापासून, ती पाण्याला गेली की मी वांगं घेऊन बसायला लागले. डाव्या हातानं सुई धरायची, वांग्यात घालायची, अंगठ्यानं दट्ट्या दाबायचा. सुरुवातीला वांगं घरंगळायचं. मग ते मी मेलेल्या उजव्या हाताखाली दाबून धरलं. पण बाटलीतून औषध ओढायला दुसरा हात पाहिजे, तो कुठून आणू? तिसऱ्या दिवशी अक्का येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाटली मी धरीन. सुईकडं बघणार न्हाई, सांगून ठेवते." त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बाटली उलटी धरली. आम्ही दोघींनी मिळून किती वांगी वाया घालवली त्याची गणती नाही. भाजीत सारखी वांगी का, असं मास्तरांनी एकदा विचारलं, तर अक्कांनी त्यांना गप्प केलं.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी कमल सुई उकळून घेऊन आली, तेव्हा मी तिच्या हातातून ती काढून घेतली. अक्कांना हाक मारली. अक्कांनी डोळे मिटून बाटली धरली. मी औषध ओढलं, हवा काढली, लुगडं सारलं, आणि मांडीत सुई घातली. दुखलं. कमल देते तेव्हा कधी इतकं दुखलं नव्हतं.

कमलनं वाकून जागा बघितली. तिथं रक्ताचा एक थेंब आला होता, तो तिनं बोटानं पुसला.

"वाकडी घातलीस," ती म्हणाली.

"गेली ना आत?"

"गेली."

मग ती चुलीपुढं जाऊन बसली आणि मास्तरांना म्हणाली, "बाबा, उदगीरला कळवा. मी हो म्हणून राहिले."